बाईंचा रस्ता

गाडीत पाय ठेवण्याआधी बाई विचारायच्या, "ब्लँकेट आहे ना मागे?"

भर जुलैतही विचारायच्या. मी हो म्हटलं तरी मागच्या काचेला कपाळ टेकवून आत बघायच्या आणि ब्लँकेट डोळ्यांनी दिसलं की मगच दार उघडायच्या. मग पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात, पट्टा ओढून बघणं, परत एकदा ओढून बघणं. गाडी पार्किंगमधून निघते न निघते तोच त्यांचा उजवा पाय समोर नसलेल्या ब्रेकवर जायचा आणि ऑफिस येईपर्यंत तिथंच असायचा. पुढे मी ती गाडी विकायला काढली, तेव्हा बघायला आलेल्या माणसानं विचारलं, "या बाजूच्या मॅटला भोक कसं पडलं?" मी म्हटलं, "इकडून एक बाई गाडी चालवायच्या."

बाईंना गाडी येत नव्हती. मिशिगनमध्ये गाडी येत नसेल तर दूध आणायचं म्हटलं तरी कुणाला तरी विचारावं लागतं. पण त्यांनी शिकायचा प्रयत्नही केला नाही. "मला रस्ते कळतात," म्हणायच्या, "गाड्या नाही कळत." आमच्या भागातले रस्ते मात्र त्यांना पसंत नव्हते. ट्वेल्व्ह माइल रोड, थर्टीन माइल रोड ही काय नावं झाली? "अरे, रस्त्याला गावाचं नाव असावं, नदीचं असावं. हे म्हणजे मुलांना हजेरीच्या नंबरानं हाक मारल्यासारखं आहे."

त्या पुण्याच्या. कित्येक वर्षं संध्याकाळच्या वर्गांत जपानी शिकवून पन्नाशी ओलांडल्यावर मिशिगनमधल्या नोव्हायला आल्या होत्या. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये समोरच्या इमारतीत राहायच्या. एकट्या. लग्न केलेलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलेलं त्यांना चालायचं नाही. मी नागपूरचा, माझं नवीन लग्न झालेलं. पहिल्या दिवशी माझी बायको त्यांना मावशी म्हणाली, तर म्हणाल्या, "मी तुझ्या आईची बहीण नाही. बाई म्हण. सगळं पुणं म्हणतं."

आमची कंपनी गाड्यांमधल्या नेव्हिगेशनचे नकाशे जुळवायची. आता फोनवर रस्ता दिसतो, तेव्हा तसं नव्हतं. नकाशा डिस्कवर यायचा आणि डिस्क एकदा तयार झाली की पुढची येईपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, गाडी त्याच नकाशावर चालायची. एका जपानी ग्राहकानं त्यांच्याकडच्या एका डोंगराळ प्रांताचं काम आमच्याकडे दिलं होतं. तिकडून पत्रकं यायची: हा पूल नवा झाला, हा घाट बंद झाला, या रस्त्याचा एवढा तुकडा अमक्या महिन्यात सुरू होणार. बाईंनी ती वाचून मराठी-इंग्रजीच्या मिश्रणात मला सांगायची आणि मी नकाशात फेरफार करायचा. शेवटी आम्हा दोघांच्या सह्या व्हायच्या, त्यावर मॅनेजरची.

पत्रक वाचून झालं की बाई चष्मा काढायच्या आणि ठरलेलं वाक्य म्हणायच्या. "छापलंय म्हणजे झालंय असं नाही."

हे त्यांचं सगळ्याच बाबतीत होतं. इथल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसायचा. तशी ईमेल आली होती, पत्ता होता, वेळ होती. आदल्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "चल, हॉल आहे का बघून येऊ." आम्ही गेलो. हॉल होता. बाहेरून मंडळाची चार मुलं खुर्च्या लावताना दिसत होती. मी म्हटलं, "बघा, आहे." तर म्हणाल्या, "आज आहे."

घरून निघाल्यावर शेगडी बंद केली की नाही हे बघायला आम्ही किती वेळा परत गेलो असू. दर वेळी शेगडी बंदच असायची. मी चिडलो की त्या खिडकीतून बाहेर बघायच्या, आणि नंतर अगदी हळू आवाजात म्हणायच्या, "तुला काय वाटतं, मला हे आवडतं?"

पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. ज्याची भीती वाटायची ते खरोखरच घडलं की बाई शांत व्हायच्या. दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये अर्ध्या पूर्व अमेरिकेची वीज गेली. सिग्नल बंद, पंप बंद, नळाला पाणी नाही. आम्ही सगळे बावचळून पार्किंगमध्ये उभे. बाई मात्र जिन्यावरून खाली आल्या त्या हातात मेणबत्त्या घेऊनच. त्यांच्याकडे पाणी भरलेल्या बाटल्या होत्या, बॅटरीवरचा रेडिओ होता. त्या दिवशी सगळ्या मजल्यांवर त्यांनी दहीपोहे पोचवले. माझी बायको म्हणाली, "आज बाई किती छान दिसत होत्या!" दुसऱ्या दिवशी वीज आली आणि बाई परत शेगडी तपासायला लागल्या.

त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. टीव्हीच्या जागी भिंतीवर त्या प्रांताचा भलामोठा नकाशा होता, आणि त्यात एक रस्ता पेन्सिलनं काढलेला, खोडलेला, परत काढलेला. तिथला एक्स्प्रेसवे. त्याला जपानी नाव होतं, पण बाई त्याला नुसतं 'आपला रस्ता' म्हणायच्या. ऐन तिशीत त्या दोन वर्षं त्या भागातल्या एका छोट्या गावात राहिल्या होत्या, एका वयस्क जोडप्याच्या घरी, वरच्या खोलीत. घरमालकिणीला त्या ओबाआसान म्हणायच्या, म्हणजे आजीच. आमच्याशी बोलतानाही आजीच म्हणायच्या. दर रविवारी संध्याकाळी इंडियन स्टोअरमधलं कॉलिंग कार्ड आणून, त्यावरचा नंबर खरवडून आजींना फोन व्हायचा. आमच्याकडे मिशिगनमध्ये संध्याकाळ म्हणजे तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ. बोलून झालं की बाई नकाशापुढे उभ्या राहायच्या.

त्या रस्त्याची गोष्ट मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकली की मलाही पाठ झाली. गाव चारी बाजूंनी डोंगरात. एका बाजूला डोंगर उतरला की समुद्र, दुसऱ्या बाजूला घाट ओलांडला की मोठं शहर, मोठं हॉस्पिटल. एक्स्प्रेसवे समुद्राकडून निघून डोंगर पार करून त्या शहराला मिळणार होता. बाई तिथं असताना शेतांत लाल फिती बांधलेल्या खुंट्या ठोकल्या गेल्या होत्या. पहिली आखणी नदीच्या काठानं होती. भाताची शेतं जातील म्हणून लोक उठले. मग ती सरकवली तर देवळामागच्या स्मशानातून जायला लागली. पुन्हा बैठका, पुन्हा भांडणं. शेवटी डोंगराच्या पोटातून बोगदा काढायचा ठरलं. मग चढण्या-उतरण्याचा फाटा कुठे द्यायचा यावरून शेजारच्या गावाशी वाद. तो मिटेपर्यंत बाईंची दोन वर्षं संपून त्या पुण्याला परतल्या होत्या.

"आणि बांधला कसा, तर तुकड्यातुकड्यांनी," त्या सांगायच्या. "आधी शहराजवळचा एक तुकडा. मग समुद्राजवळचा एक, ज्याला ना आगा ना पिछा. लोक हौसेनं वर चढायचे आणि लगेच खाली उतरायचे. चार पदरांची जागा घेतली आणि दोनच पदर बांधले. मध्ये दुभाजक म्हणून रबराच्या काठ्या. उरलेल्या जागेत गवत." मध्ये काही वर्षं पैसाच आला नाही. अशा गावंढ्या मुलखात एवढे मोठे रस्ते हवेत कशाला, असं तिकडच्या राजधानीत लोक विचारायला लागले होते. मग बोगदा सुरू झाला तर आत पाणी लागलं, आणि डोंगरातलं ते पाणी वाहून गेल्यावर आजींच्या परसातली विहीर आटली. सरकारनं नळ दिला. बाईंनी फोनवर हळहळ व्यक्त केली तर आजी म्हणाल्या, "पाणी गेलं, आता रस्ता येईल."

मला हे सगळं ऐकताना एकच कळायचं नाही, की पुण्याच्या एका बाईचा जीव त्या रस्त्यात एवढा का अडकावा. मी विचारलं की म्हणायच्या, "असाच."

ते मला एका जानेवारीत कळलं. बर्फ वाढणार म्हणून ऑफिसनं दुपारीच सोडलं होतं. मी घाईत नाइन्टी-सिक्स हायवे घेतला आणि थोडं पुढे गेल्यावर सगळंच थांबलं. पुढे कुठे तरी ट्रक आडवा झाला होता. मागे गाड्या, पुढे गाड्या, वायपर चालू ठेवला तरी काच पांढरी होत चाललेली. माझी बायको तेव्हा गरोदर होती, घरी एकटी होती, आणि माझ्या फोनची बॅटरी संपत आली होती. मी सारखा फोन उघडून बॅटरी किती उरलीय ते बघत होतो. बाईंनी मागे वळून ब्लँकेट ओढलं, अर्धं माझ्या पायांवर टाकलं, पर्समधून चिवड्याची पुडी काढली आणि म्हणाल्या, "खा. आता काही होत नाही. जे व्हायचं ते हेच होतं."

आणि मग समोर बघत, कुणी विचारलेलं नसताना, त्यांनी सांगितलं. त्यांच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी आजींच्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. घाट बर्फानं बंद. अ‍ॅम्ब्युलन्स आली, पण शहराकडे जायला समुद्राच्या बाजूनं लांबचा वळसा. आजींबरोबर बाईही आत बसल्या. "मी सारखी ड्रायव्हरला विचारत होते, अजून किती. तो बिचारा नम्रपणे सांगायचा, थोडंच. मी परत विचारायचे. कोळ्यांचं एक बंदर लागलं, जाळी वाळत घातली होती, त्यांच्यावर बर्फ पडत होता. आजोबा तिथं गेले. आजींनी त्यांच्या टोपीवरचा कचरा झटकला आणि मला म्हणाल्या, आता विचारू नकोस."

समोरच्या गाडीचे लाल दिवे विझले, पेटले. नकाशाकडे हात केल्यासारखा हात काचेकडे करून बाई म्हणाल्या, "डोंगराच्या आरपार जाता आलं असतं ना, तर." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं.

पुढच्या सप्टेंबरमध्ये डिस्क पक्की करायची वेळ आली आणि नेमकं त्याच वेळी पत्रक आलं. बोगद्याचा तुकडा नोव्हेंबरअखेर खुला होणार. म्हणजे समुद्रापासून शहरापर्यंत आपला रस्ता पुरा होणार. मी अभिनंदन करायला वळलो तर बाईंचा चेहरा उतरलेला.

"आजी म्हणत होत्या, बोगद्याच्या तोंडावरच्या उताराला भेग पडलीय. निळं प्लॅस्टिक अंथरलंय. रोज माणसं आणि मशिनं चढतात तिथं."

"अहो, पण पत्रकात तारीख दिलीय."

"छापलंय म्हणजे..."

"हो, कळलं."

प्रश्न साधा नव्हता. नकाशात रस्ता खुला दाखवला आणि तो वेळेवर खुला झाला नाही, तर गाड्या बंद फाट्यापाशी जाऊन अडणार, मग गाडीतलं नेव्हिगेशनचं मशीन त्यांना जुन्या घाटात पाठवणार, आणि तोवर बर्फ सुरू झालेला असणार. नकाशात रस्ता बंद दाखवला आणि तो खुला झाला, तर? "तर काय," बाई म्हणाल्या, "समोर पाटी दिसेल, एवढा मोठा नवा रस्ता दिसेल. लोकांना डोळे आहेत." मला ते पटलं. आजही तो क्षण आठवला की वाटतं, त्या वेळच्या माहितीवर मी पुन्हा तेच म्हणेन.

मॅनेजर मिशिगनचाच, उंच, सावकाश बोलणारा भला माणूस. त्यानं आम्हा दोघांना खोलीत बोलावून दार लावलं. त्या काळात दार लागलं की आमच्यापैकी प्रत्येकाला नोकरी गेलीच असं वाटायचं. दोन हजार एकच्या मंदीनंतर किती जणांना असंच बोलावून घरी पाठवलं होतं. माझं ग्रीन कार्डाचं काम नुकतंच सुरू झालेलं, घरात तान्ही मुलगी.

"तुमची खात्री आहे, की रस्ता उघडणार नाही?" त्यानं बाईंना विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "खात्री नाही. म्हणूनच दाखवू नका म्हणते."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मलाही तसंच वाटतं." त्यानं बराच वेळ पेन फिरवलं आणि सही केली.

रस्ता ठरल्या दिवशी उघडला.

त्या रविवारी मी आणि बायको मुलीला घेऊन बाईंकडे जेवायला गेलो होतो. आजींचा फोन आला. त्या इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की मलाही त्यांचा आवाज ऐकू येत होता. उतार तारांनी आणि खिळ्यांनी पक्का केला होता. उद्घाटनाला शाळेचा बँड वाजला, गाड्या सोडण्याआधी गावातल्या लोकांना नव्या रस्त्यावरून चालू दिलं, आणि आजी काठी टेकत बोगद्याच्या तोंडापर्यंत जाऊन आल्या. बाई "हो का, हो का" करत ऐकत होत्या. फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"उघडला," म्हणाल्या.

ज्या गोष्टीची त्यांनी अर्धं आयुष्य वाट पाहिली होती ती झाली होती, आणि त्यांना हसता येत नव्हतं. माझी बायको म्हणाली, "बाई, तोंड गोड करू या, साखर देते." त्यांनी साखर घेतली, पण डोळे नकाशावर. "आता पाटी दिसेलच ना रे लोकांना?" त्या रात्रीच्या जेवणात हे त्यांनी किती वेळा विचारलं. मी दर वेळी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी गाडीतही तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. ब्लँकेटबद्दल विचारायच्या त्या विसरायला लागल्या, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

डिसेंबरमध्ये ग्राहकाकडून तक्रार आली. एक मुलगा लांबच्या शहरातून नवी गाडी घेऊन आईला न्यायला त्या भागात आला होता. आईला शहरातल्या हॉस्पिटलमध्ये दाखवायचं होतं. तो कित्येक वर्षांनी येत होता, तिकडचे रस्ते त्याच्या लक्षात राहिले नव्हते. फाट्यापाशी नव्या रस्त्याची पाटी होती. त्यानं ती बघितलीही. पण मशीन सरळ जा म्हणालं, आणि मशीनला जास्त कळत असेल असं त्याला वाटलं. ते घाटात चढले. वर बर्फ लागला, गाडी घसरून कडेच्या चरात गेली. अंधार पडायच्या सुमाराला बर्फ काढणाऱ्या माणसांना ते सापडले. मुलगा ठीक होता. आई गारठून गेली होती, तिला त्याच हॉस्पिटलमध्ये दाखल केलं होतं.

बैठक झाली. मॅनेजर, त्याच्या वरचे दोघे, बाई आणि मी. बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. भीती खरी झाली की त्या शांत व्हायच्या, असं मी मघाशी म्हटलं. त्या दिवशी झाल्या नाहीत. त्यांना भीती वाटत होती ती रस्त्यानं दगा देण्याची. दगा दिला तो त्यांच्या सावधपणानं, आणि पाठवलं कुणाला तर एका म्हाताऱ्या बाईला, बर्फात, त्याच घाटात. हे त्यांच्या कुठल्याच तयारीत बसत नव्हतं.

"त्या आई कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

वरच्या माणसानं निर्णय कसा झाला, कुणाच्या शब्दावर झाला, हे विचारायला सुरुवात केली. बाईंनी ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "त्या आई कशा आहेत?" तक्रारीत ते लिहिलेलं नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "निर्णय माझा. हा मुलगा मला रोज गाडीतून आणतो, म्हणून त्यानं माझ्या बाजूनं मान हलवली. त्याला यात धरू नका." मी मध्ये बोललो, की असं नाही, मी विचार करून सही केली होती. मॅनेजरनं माझ्याकडे बघून हात जरासा वर केला, थांब म्हणून. दोन दिवसांनी निरोप आला: मला समज देऊन सोडलं होतं, बाईंचं कॉन्ट्रॅक्ट वर्षअखेर संपत होतं, ते पुढे वाढवणार नव्हते. म्हणजे व्हिसाही संपला.

बाईंना त्याचं काहीच वाटलेलं दिसलं नाही. त्या दिवशी घरी जाताना ट्वेल्व्ह माइलवर सिग्नलला म्हणाल्या, "मी आजींना फोन केला होता. त्यांना आधीच कळलं होतं, गावात सगळ्यांना कळलंय. ती बाई पलीकडच्या खेड्यातली आहे. आजींना म्हटलं, मला इथून जाता येत नाही, तुम्ही जाऊन बघून याल का? माझ्या नावानं माफी मागाल का?"

"आजी जाऊ शकतील? वय केवढं त्यांचं!"

"बस सुरू झालीय ना आता. बोगद्यातून." आणि लगेच, "बोगद्यात बस बंद पडली तर, रे? मी त्यांना सांगायला नको होतं. उगाच सांगितलं." घर येईपर्यंत त्यांचा पाय ब्रेकवरून हलला नाही.

रविवारी संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. आजी त्या आईंना भेटून आल्यावर फोन करणार होत्या. "एकटीनं तो फोन घ्यायचा धीर होत नाही," म्हणाल्या. अर्धं घर खोक्यांत भरलेलं होतं. नकाशा मात्र अजून भिंतीवर. आम्ही चहा समोर घेऊन बसलो. चहावर साय आली. ठरलेली वेळ झाली, टळली. बाई उठायच्या, रिसीव्हर उचलून टोन येतोय का बघायच्या, परत बसायच्या. मी म्हटलं, "आपणच लावू." तर म्हणाल्या, "नको. त्या फोनजवळ नसतील तर मला काय काय वाटेल."

शेवटी वाजला. बाईंनी रिसीव्हर कानाला घट्ट धरला आणि ऐकता ऐकता मला मराठीत सांगायला लागल्या, मध्येच जपानीत आजींना हुंकार देत.

"भेटल्या म्हणतायत. उठून बसल्यायत त्या. जेवतायत. दोन दिवसांत घरी सोडणार." बाईंनी डोळे मिटले, उघडले. "आजींनी काकी नेली होती." काकी म्हणजे तिकडचं टोमॅटोसारखं दिसणारं नारिंगी फळ. "आजींच्या परसातली. सोलून दिली तर खाल्ली त्यांनी. माझ्या नावानं माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, कोण कुठली ती बाई, तिला सांगा, माझ्या मुलालाच पाटी वाचता येत नाही." बाई हसल्या. मीही हसलो. माझ्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

"विचारा, बसचा प्रवास नीट झाला का," मी म्हटलं.

बाईंनी विचारलं. पलीकडून आजी बोलायला लागल्या, आणि बाई मला सांगायच्या थांबल्या. नुसत्या ऐकत होत्या. मला एवढंच ऐकू आलं, की आजी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतायत. कोरे दाके. कोरे दाके.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

बाई हळूहळू बोलायला लागल्या. "म्हणतायत, बस बोगद्यात शिरली तसे त्यांनी हात जोडले, प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. ती पुरी व्हायच्या आत उजेड आला. आणि समोर शहर. त्यांना वाटलं, मध्येच कुठे तरी बाहेर निघालो. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं." बाईंनी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. "विचारलं, कोरे दाके? एवढंच?"

त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला, बंद न करताच, आणि बाथरूममध्ये गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला. टेबलावर रिसीव्हरमधून आजींचा बारीक आवाज येतच होता. त्यांना वाटत असणार, बाई ऐकतायत. मला काय करावं सुचेना. मग मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. मला जपानीचा एकच शब्द येत होता, हो या अर्थाचा 'हाय', ऑफिसातल्या फोनवर बाई सतत म्हणायच्या तो.

आजी बोलत राहिल्या. मी हाय म्हणत राहिलो. त्या थांबल्या की मी परत हाय म्हणायचो आणि त्या पुन्हा बोलायला लागायच्या, बाई तोंड धुऊन बाहेर येईपर्यंत.